अंतरिम जामीन : तात्पुरता किती आणि कोणासाठी?

आसाराम यांना जामीन मिळाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘सुटला!’ आणि दुसरी, ‘पैसा बोलतो.’ २०१३ साली त्यांना अटक झाली ती आपल्या इंदूरच्याच आश्रमातून, त्यामुळे इथे या प्रकरणाची चर्चा जरा जास्तच होते. म्हणून हा प्रकार कसा चालतो ते थोडे पाहू.

आधी एक घोळ दूर करायला हवा. गुरमीत राम रहीम वारंवार बाहेर येतो तो पॅरोल किंवा फर्लोवर, आणि ती परवानगी सरकार देते. अंतरिम जामीन न्यायालय देते. मुख्य अर्जाचा किंवा अपिलाचा निकाल बाकी असताना ठरावीक दिवसांपुरती ही मोकळीक असते. दोषी ठरलेल्या माणसाच्या बाबतीत तिचे रूप शिक्षेला तात्पुरती स्थगिती असे असते. गुन्हा त्याने पुसला जात नाही.

आसाराम यांना जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये आणि गांधीनगरच्या न्यायालयाने २०२३ मध्ये जन्मठेप दिली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांधीनगरच्या प्रकरणात प्रकृतीच्या कारणावरून ३१ मार्चपर्यंत अंतरिम जामीन दिला. भक्तांना समूहाने भेटायचे नाही आणि पोलीस सोबत राहतील, अशा अटी होत्या. पुढे मुदतवाढीचा अर्ज आला तेव्हा गुजरात उच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे मत जुळले नाही. शेवटी तिसऱ्या न्यायमूर्तींनी तीन महिने दिले. ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने वैद्यकीय अहवाल पाहून वाढ नाकारली आणि त्यांना तुरुंगात परतावे लागले. ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने सहा महिने दिले.

बँकेत आम्ही तात्पुरता ओव्हरड्राफ्ट देत असू. पहिल्यांदा देणे सोपे असते. खरी परीक्षा तो दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाढवताना असते, कारण तेव्हा कागद नव्याने तपासायचे की मागच्याच टिपणावर सही करायची, हे ठरवावे लागते. न्यायालयापुढचा प्रश्नही मला तोच वाटतो. आजार खरा आहे का, तुरुंगात किंवा सरकारी रुग्णालयात उपचार होतील का, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहायला हवे. ऑगस्टमध्ये ते पाहिले गेले. शहाऐंशीच्या घरातल्या आजारी कैद्याला उपचार मिळू नयेत असे मी म्हणणार नाही. पण याच प्रकरणात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला. तेव्हा ‘समूहाने भेटू नये’ ही अट पाळली जाते की नाही, यावर पीडितेच्या घरच्यांची झोप अवलंबून असते.

अटींचा विषय निघाला तर आपल्या खंडपीठाचा २०२० चा आदेश विसरता येत नाही. शेजारणीच्या घरात घुसून विनयभंग केल्याचा आरोप असलेल्याला जामीन देताना अट घातली गेली : राखीपौर्णिमेला तिच्या घरी मिठाई घेऊन जायचे, राखी बांधण्याची विनंती करायची आणि ओवाळणीचे ११,००० रुपये द्यायचे. ज्याच्या भीतीने दार लावून घ्यायचे, त्यालाच पाटावर बसवायचे! अपर्णा भट आणि इतर महिला वकिलांनी दाद मागितली. १८ मार्च २०२१ रोजी न्या. खानविलकर आणि न्या. रवींद्र भट यांनी ती अट रद्द केली. आरोपी आणि तक्रारदार यांची भेट घडवणारी अट नको, तडजोड किंवा लग्न सुचवू नये, तिच्या कपड्यांवर व वागण्यावर शेरे नकोत, असे त्यांनी बजावले. शिवाय जामीन दिल्यावर तक्रारदाराला तत्काळ कळवून दोन दिवसांत आदेशाची प्रत द्यावी, असेही सांगितले.

ही प्रत मिळणे फार महत्त्वाचे आहे. अटी ठाऊक नसतील तर त्या मोडल्या हे कळणार कसे? अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात तर जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा तिचा प्रतिनिधी हजर असणे नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसारही बंधनकारक आहे. वकिलाच्या खर्चामुळे कोणी मागे हटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही महिलेला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.