‘आढळले नाही’ म्हणजे नेमके किती?

४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते ‘नेक्सकार१९’ या स्वदेशी कार-टी उपचारपद्धतीचे लोकार्पण झाले. देशभरातील माध्यमांनी त्याची दखल घेतली, ते योग्यच झाले. मात्र रक्ताच्या कर्करोगात उपचाराइतकेच निर्णायक असते ते मोजमाप, आणि ते आपल्याकडे क्वचितच बातमीचा विषय होते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे उदाहरण घेऊ. या विकारात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ‘बीसीआर-एबीएल’ हे संयुक्त जनुक तयार होते. त्यावरील इमॅटिनिबच्या पेटंटचा नोव्हार्टिसचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि देशी बनावटीचे स्वस्त औषध रुग्णांना मिळत राहिले. परंतु ते औषध लागू पडते आहे की नाही, हे कळते दर तीन महिन्यांच्या पीसीआर चाचणीवरून. रक्तातील आरएनएच्या आधारे या जनुकाच्या प्रती मोजतात व एका नियंत्रक जनुकाच्या प्रतींशी त्यांचे गुणोत्तर काढतात. तीन महिन्यांनी १० टक्के, सहा महिन्यांनी १ टक्का, वर्षाअखेरीस ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, अशी उतरण अपेक्षित असते.

पण हा ०.१ टक्का कोणत्या प्रयोगशाळेचा? रसायने, यंत्र वा नियंत्रक जनुक बदलले, की एकाच नमुन्याचे उत्तर दोन ठिकाणी काही पटींनी निराळे येऊ शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मापश्रेणी ठरली आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे संदर्भ-नमुने उपलब्ध झाले. त्यांच्याशी जुळवून प्रत्येक प्रयोगशाळेने आपला रूपांतर-गुणांक निश्चित करावयाचा असतो. येथे बंगळूरुत आम्ही भौतिकशास्त्राची मंडळी साधा तापमापकही पडताळल्याविना वापरत नाही (शोधनिबंधाचे परीक्षक सोडतील तर ना!). बिदर वा बेळगावहून येथे येऊन उपचार सुरू करणारा रुग्ण पुढची चाचणी गावाजवळ करून घेतो, तेव्हा त्याच्या हाती पडलेले दोन आकडे एकाच पट्टीने मोजलेले आहेत का, हे त्याला कोण सांगणार?

उत्परिवर्तनाच्या बाबतीत तर गोष्ट अधिकच गंभीर आहे. औषध निष्प्रभ ठरू लागले, की एबीएल जनुकातील बदल शोधतात. त्यांपैकी ‘टी३१५आय’ हा कुप्रसिद्ध. प्रथिनातील ३१५व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन येते आणि इमॅटिनिबच नव्हे, तर डॅसाटिनिब व निलोटिनिबही निकामी होतात. परंपरागत सँगर पद्धतीला साधारणतः १५ ते २० टक्क्यांखालचे उत्परिवर्तन दिसत नाही. नव्या पिढीच्या अनुक्रमण पद्धती १ ते ३ टक्क्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजे त्याच रक्ताचा एक अहवाल ‘आढळले नाही’ म्हणेल, दुसरा ‘आहे’ म्हणेल, आणि दोन्ही प्रामाणिक असतील. आमच्या शास्त्रात शून्य हे मापन नव्हे. ती केवळ एक वरची मर्यादा असते, आणि ती लिहिल्याविना निष्कर्ष अपुरा मानला जातो.

गावोगावी महागडी अनुक्रमण यंत्रे बसवा, अशी माझी मागणी नाही. प्रत्येक अहवालावर वापरलेली पद्धत, तिची शोधमर्यादा आणि रूपांतर-गुणांक छापणे सक्तीचे व्हावे. जागतिक नमुन्यांशी जोडलेले दुय्यम संदर्भ-नमुने देशातच बनवून लहान प्रयोगशाळांना अल्प दरात पुरवले जावेत. हे काम झगमगाटाचे नाही, त्याचे लोकार्पणही होणार नाही. तोवर रुग्णांनी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत चाचण्या कराव्यात आणि अहवाल घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमच्या पद्धतीला किती टक्क्यांखालचे दिसत नाही?