‘हिज’चा हट्ट

गेल्या नाताळच्या सुटीत हरिहरेश्वरी होतो. प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरायला ओहोटी लागावी लागते, म्हणून ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात पुतणीने सहामाहीचा इंग्रजीचा पेपर पुढे केला. ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक’ हे तिचे वाक्य. ‘देअर’वर तांबडी काट, वर ‘हिज’, आणि अर्धा गुण कापलेला. वर्गात निम्म्याहून अधिक मुली! त्यांनी पुस्तक आणायचे ते कोणाचे?

खरी मौज पुढेच आहे. खालच्या ओळीत तिने लिहिले होते, ‘वन शुड वॉश युअर हँड्स बिफोर ही ईट्स.’ म्हणजे एकाने तुमचे हात धुवावेत आणि जेवावे तिसऱ्यानेच! तिथे मात्र बरोबरची खूण. एकदा धरलेले सर्वनाम वाक्य संपेपर्यंत सोडू नये, हा नियम मलाही मान्य आहे. पण तो जिथे मोडला तिथे मास्तर झोपले, आणि नको तिथे जागे झाले.

‘एव्हरीवन’ एकवचनी, ‘देअर’ अनेकवचनी, असे ते म्हणणार. अहो, जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत असा ‘देअर’ पुष्कळदा येतो. ‘यू’ हेही मुळात अनेकवचनीच. आज ते एकट्यादुकट्याला बिनतक्रार चालते. आणि आपण काय करतो? बाबा एकटेच आले तरी ‘ते आले’. (आई मात्र ‘ती आली’. तो हिशेब पुन्हा केव्हातरी.)

मग शेवटचा युक्तिवाद निघतो, ‘हिज’मध्ये ‘हर’ आलीच की! आपल्याकडे हे कायद्यातच लिहिलेले आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे कलम १३ सांगते की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी १९१६ साली वकील म्हणून नाव नोंदवायला अर्ज केला, तेव्हा हे कलम पुस्तकात होतेच. तरी कलकत्ता हायकोर्टाने ठरवले, वकिलांच्या कायद्यात अभिप्रेत आहे तो पुरुषच. ती आडकाठी काढायला १९२३ साली निराळा कायदा करावा लागला. सोयीचे असेल तेव्हा आत घ्यावे आणि नसेल तेव्हा दाराबाहेर ठेवावे, असले हे ‘ही’! त्याच्या भरवशावर आमच्या मुलींनी बसावे काय?

पाणी ओसरू लागले तसे आम्ही उठलो. ‘हा पेपर मास्तरांना पुन्हा दाखव,’ मी म्हटले.

‘नको हो काका, रागावतील. पुढच्या वेळी हिजच लिहीन.’