फॅनगिरी बंद, माईक चालू

वीकेण्डला गावी गेलं की आमच्या घरात एका वेळी दोन टीव्ही चालू असतात. एक भिंतीवरचा. दुसरी आमची धाकटी.

भिंतीवरचा टीव्ही ती आधी म्यूट करते. मग रिमोट तोंडासमोर धरून सुरू. “चढाईला निघालाय अस्लम इनामदार. समोर सहा जण. उजवा कोपरा पुढे सरकलाय... बोनसचा प्रयत्न... नाही, परत मध्यरेषेकडे. रिकामी चढाई!” तेवढ्यात आतून काकूची हाक येते, “अगं ए, भाकरी थापायची चढाई कधी हाय तुझी?”

गाव कन्हेरी, तालुका बारामती. इलेक्शनच्या बातम्या बघत असाल तर नाव ओळखीचं वाटेल. पवार मंडळी प्रचाराचा नारळ फोडतात ते मारुतीचं देऊळ आमच्याच गावातलं. त्यामुळे माईक, लाऊडस्पीकर आणि भाषणं यांचं आम्हाला अजिबात अप्रूप नाही. पण घरातल्याच पोरीनं बारावीनंतर जाहीर केलं की मला स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग शिकायचंय, तेव्हा मात्र घर हादरलं. काका म्हणजे तिचे वडील. त्यांनी शांतपणे उलटतपासणी घेतली.

“म्हणजे खेळायचंय का?”

“नाही.”

“मग खेळ शिकवायचाय?”

“नाही.”

“मग करायचंय तरी काय?”

“बोलायचंय.”

“ते तर तू फुकटात करतीयास की!”

घरातला पुण्यात नोकरी करणारा मी एकटाच. त्यामुळे लवाद म्हणून माझी नेमणूक झाली. खरं सांगायचं तर मी मनातून काकांच्या बाजूचा होतो. हिंजवडीत बसून दर महिन्याला पगार मोजणाऱ्या माणसाला ‘बोलायचंय’ हे करिअर कसं पटणार? पण लवादाला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, म्हणून ऐकलं. आणि बॉस, माझेच फंडे क्लिअर झाले.

तिचं पहिलं म्हणणं प्रोफेशनल स्पोर्टबद्दल होतं. प्रो कबड्डी २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हा लिलावातली सगळ्यात मोठी बोली होती १२ लाख ८० हजार, राकेशकुमारसाठी. २०२३च्या लिलावात पवन सेहरावतवर बोली लागली २ कोटी ६० लाखांच्या वर. त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, आणि १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. कॅप्टन कोण, तर अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम.

“पैशानं खेळ नासतो असं मोठी माणसं म्हणतात,” ती म्हणाली. “पण दादा, पैसा नव्हता तेव्हा ह्याच खेळाडूंना पस्तिशीत कोण विचारत होतं? आणि खेळ दाखवणाऱ्याशिवाय हा पैसा आला असता का?”

पॉइंट होता. आपण फॅन लोक मॅच बघतो म्हणजे खरं तर कुणीतरी दाखवलेली मॅच बघतो. हे मला कळलं ते डिसेंबर २०२३मध्ये, तिला बालेवाडीला पलटणच्या मॅचला घेऊन गेलो तेव्हा. मी जर्सी घालून, घसा फाडून ओरडत होतो. ही बया मॅटकडे कमी आणि केबल्स कुठून कुठे जातात तिकडे जास्त बघत होती. “दादा, त्यांच्या कानात काय वाजतं रे?”

प्रॉडक्शनमधल्या एका मित्राला विचारलं. त्याला म्हणतात टॉकबॅक. कॉमेंटेटर माईकवर बोलत असतो आणि त्याच वेळी त्याच्या कानात डायरेक्टर बोलत असतो: रीप्ले येतोय, दहा सेकंदांत ब्रेक, वाक्य संपव. एका कानानं ऐकायचं, डोळ्यांनी खेळ आणि मॉनिटर दोन्ही बघायचे, आणि तोंडानं असं बोलायचं की यातलं काहीच चाललेलं नाही. शिवाय प्रत्येक कॉमेंटेटर मैदानात असतोच असं नाही. आपण घरी ऐकतो त्यातली पुष्कळशी भाषिक कॉमेंटरी स्टुडिओत बसून, स्क्रीनकडे बघून होते. धंद्यातला शब्द आहे ‘ऑफ-ट्यूब’. म्हणजे रिमोट तोंडासमोर धरून आमची धाकटी जे करते, तेच. फक्त भाकरीची हाक येत नाही.

आता दुसरा मुद्दा, काकांचा. “ती जागा माजी क्रिकेटरांची. आपल्याला कोण बसवणार?”

हे टेन्शन खरं आहे. २०२३च्या आयपीएलमध्ये जिओ सिनेमानं मराठी कॉमेंटरी दिली, तेव्हा पॅनलवर आपला पुण्याचा केदार जाधव होता. स्पर्धा अर्ध्यावर आली असताना बेंगळुरूच्या टीमनं डेव्हिड विलीच्या जागी त्यालाच टीममध्ये घेतलं. माईक ठेवला आणि बॅट उचलली! असा माणूस शेजारी बसल्यावर कन्हेरीच्या पोरीनं बोलायचं काय?

पण जोडी लागते ती यासाठीच. खेळलेला माणूस ‘असं का झालं’ ते सांगतो. ‘काय झालं’ हे सांगणारा, गप्पा पुढे नेणारा, स्कोअर सांगणारा आणि तज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारणारा वेगळा असू शकतो. हर्षा भोगलेच घ्या. हैदराबादच्या मराठी घरातला मुलगा, केमिकल इंजिनियर, पुढे अहमदाबादचं आयआयएम. रणजी मॅच एकही नाही. आकाशवाणीवर कॉमेंटरी सुरू केली तेव्हा वय होतं एकोणीस. मराठीत बाळ ज. पंडित रणजी खेळलेले होते, पण वि. वि. करमरकर हाडाचे पत्रकार. दोघांचेही आवाज ट्रान्झिस्टरवाल्या पिढीच्या कानात अजून आहेत. आणि पोरीची जात म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर चंद्रा नायडूंचं नाव सांगा. सी. के. नायडूंची ही लेक १९७७मध्ये इंदूरला क्रिकेटची कॉमेंटरी करायला बसली होती. देशातली पहिली महिला कॉमेंटेटर म्हणून तिचंच नाव घेतात.

मग हे शिकायचं कुठे? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं शिक्षण आहे. आकाशवाणी कॉमेंटेटर घेते ते ऑडिशन घेऊन. आणि बारामतीत तर विद्या प्रतिष्ठाननं वसुंधरा वाहिनी हा कम्युनिटी रेडिओ सुरू केला. ही माहिती मी मोठ्या ऐटीत धाकटीला दिली. तिला ती आधीच होती.

तिचा रियाजही सॉलिड आहे. आधी म्यूट करून बोलायचं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. मग डोळे मिटून ते ऐकायचं. डोळे मिटल्यावर चित्र दिसलं तर रेडिओला पास. त्यानंतर तेच रेकॉर्डिंग मॅच बघत ऐकायचं. जे डोळ्यांना दिसतंच आहे तेही आपण बडबडतोय असं वाटलं तर टीव्हीला नापास. रेडिओवर गप्प बसलात तर ऐकणाऱ्याला वाटतं सेट बिघडला. टीव्हीवर गप्प बसता आलं नाही तर बघणारा आवाज बंद करतो. एकाच धंद्यात दोन उलटे नियम!

फेब्रुवारी २०२०मध्ये बारामतीच्या स्टेडियमवर महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी मॅच झाली, तेव्हा शाळकरी असलेली ही वही घेऊन बसली होती म्हणे. ऑटोग्राफसाठी नव्हे, स्कोअर लिहायला. फॅन आणि कॉमेंटेटर यांच्यातला फरक तेव्हाच दिसायला हवा होता. मला तो दिसला गेल्या उन्हाळ्यात.

गावाकडे लाईट लावून कबड्डीचे सामने होतात, तसे ते होते. माईकवरचे नेहमीचे गृहस्थ आले नाहीत म्हणून माईक हिच्या हातात आला. शेवटची मॅच. एका बाजूला आमचं गाव, आणि आमच्या गावाकडून चढाईला कोण? हिचा सख्खा भाऊ. स्कोअर ३१-३१. शेवटची चढाई, तीही डू ऑर डाय. गुण आणला नाही तर बाद.

तो गेला, डावीकडून वळसा घेतला, कुणाला शिवायच्या आधीच त्याचा पाय लॉबीत पडला. पुढे होऊन त्यानं एकाला हात लावला आणि बोंब मारत परत आला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मीही नाचत होतो. पंचांनी मात्र गुण समोरच्यांना दिला.

मग जो गोंधळ झाला तो सांगत नाही. अडीचशे-तीनशे माणसं मैदानात. पंचांच्या अंगावर जायचं तेवढं बाकी. आणि त्या आरडाओरड्यात स्पीकरवरून धाकटीचा आवाज आला. एक पट्टीसुद्धा न चढवता.

“झटापट सुरू होईपर्यंत लॉबी मैदानात धरत नाहीत. चढाईपटूचा पाय आधी लॉबीत पडला, हात नंतर लागला. मी बघितलंय. चढाईपटू बाद. गुण बरोबर आहे. सामना ३२-३१. विजेत्यांचं अभिनंदन.”

मैदान गप्प झालं असं म्हणणार नाही, तसं पिक्चरमध्ये होतं. लोक बडबडत राहिले. पण अंगावर जाणारे थांबले, कारण पंच काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नव्हतं, हिचं सगळ्यांना आलं. आणि सख्ख्या भावाविरुद्ध बोलणारी पोरगी खोटं कशाला बोलेल?

मला त्याच वर्षीची महाराष्ट्र केसरी आठवली. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत शिवराज राक्षेला चितपट दिलं, त्याला ते मान्य नव्हतं आणि भांडण पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत गेलं. फायनलला महेंद्र गायकवाडचाही पंचांशी वाद झाला. मोहोळ जिंकला आणि या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. त्या रात्री माझ्या फोनवर प्रत्येक ग्रुपमध्ये एकच चर्चा, अन्याय झाला की नाही झाला. खांदे टेकले का, किती टेकले, नियम काय म्हणतो, हे कुणीच सांगत नव्हतं. आम्ही सगळे फॅन होतो ना!

फॅनला बाजू असते, असायलाच हवी. त्याच्या तिकिटावर तर सगळं चालतं. पण माईक हातात घेतलेल्या माणसाला आधी डोळे असावे लागतात, आणि आपल्या माणसाचा पाय रेषेबाहेर पडला तर तो पडला म्हणायचा दम. हे कुठल्याही कोर्सच्या ब्रोशरमध्ये नसतं. आवाज, उच्चार, टॉकबॅक, टायमिंग, सगळं शिकवता येतं. हे आधीच घेऊन यावं लागतं.

त्या रात्री जेवताना भाऊ तिच्याशी बोलला नाही. काकाही बोलले नाहीत. हात धुऊन उठताना मात्र मला म्हणाले, “ते पुण्याचं कॉलेज... फी किती असती रं?”

लवादाचा निकाल लागला म्हणायचा. भाऊ अजून रुसलेलाच आहे. परवा गेलो तर तोंड फुगवून टीव्हीसमोर बसला होता. मॅच चालू होती, आवाज म्यूट होता आणि धाकटी भाकऱ्या थापायला आत गेलेली.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “तिला बोलव की बाहेर. नुसतं बघून कायच कळंना झालंय.”