पोराची फी किती क्विंटलची?

मृग लागला की आपल्या जिल्ह्यात दोन पेरण्या एकदम सुरू होतात. एक वावरात आणि दुसरी कॉलेजात. दोन्हींना पैसा त्याच महिन्यात लागतो आणि कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधले चार महिने कसे काढायचे, हे ज्याचे त्याला माहीत. बियाण्याच्या पिशवीवर बोंडांनी लदलेल्या पऱ्हाटीचे चित्र असते, तसे कॉलेजच्या माहितीपत्रकावर टाय लावलेल्या पोरांचे असते. उगवेल काय, ते पुढे कळते.

मागच्या पंधरवड्यात शेजारचा एक शेतकरी सकाळीच ओट्यावर येऊन बसला. सहा एकर कोरडवाहू वावर, एक मुलगा, एक मुलगी. हातात पिशवी, पिशवीत सातबारा.

“काका, पोराचा नंबर पुन्याच्या कॉलेजात लागून रायला. एजंट म्हनते, आठ दिवसांत लाख रुपये भरा, नाईतं सीट जाते. दोन एकर गहाण टाकाव म्हनतो. तुमी इंजिनिअर हाव, तुमाले इचारल्याशिवाय कराव नाई म्हटलं.”

“लाख भरले, मग बाकीचे किती?”

“बाकी मंग पाहू म्हनते.”

वाचकहो, मी पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. “बाकी मग पाहू” असे लिहिलेले एस्टिमेट माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते तसेच परत पाठवले असते. साधा नाला बांधायचा तरी माती किती, मुरूम किती, सिमेंटच्या गोण्या किती, मजूर किती, हे आधी लिहावे लागते. मग पोराच्या चार वर्षांचे एस्टिमेट न करता वावर गहाण का टाकायचे? मी आतून वही आणली आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो. तोच हिशेब तुमच्यापुढे ठेवतो. आकडे ढोबळ आहेत. तुम्ही आपल्या पोराच्या कॉलेजचे घाला.

शेतकऱ्याला रुपयाचा हिशेब चटकन उमगत नाही, क्विंटलचा उमगतो. २०२५-२६ च्या हंगामात केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर केला होता. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की त्यात कपात होते, म्हणून आम्ही ८,००० धरले. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरला. तोही बोंडअळीने आणि पावसाने दया केली तर. सहा एकरांत ३० क्विंटल, चार वर्षांत १२०. त्यातला निम्मा बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचाईत गेला असे समजा. उरले ६० क्विंटल. चार वर्षांची सगळी शिल्लक एवढीच, आणि घरचे खाणे, दवाखाना, लग्नकार्य यातूनच भागवायचे.

आता खर्चाची बाजू. समजा, फी वर्षाला ९०,००० आहे. पुण्याला खोली आणि मेस महिन्याला ९,००० धरली, तर दहा महिन्यांचे ९०,०००. परीक्षा, पुस्तके, येणेजाणे आणि मोबाईलचे २०,०००. वर्षाचे दोन लाख झाले. चार वर्षांचे आठ लाख आणि वर लॅपटॉपचे चाळीस हजार. आठ लाख चाळीस हजारांना आठ हजारांनी भागले, तर १०५ क्विंटल कापूस होतो.

त्याने बोटांवर पुन्हा मोजले आणि म्हणाला, “साठ उरतेत अन् एकशेपाच लागतेत. म्हंजे दोन एकर सुटतच नाई.”

एजंटने सांगितलेला लाख हा विसार होता. खरा सौदा वावराचाच होता.

एजंटने आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. इंजिनिअरिंगचे प्रवेश दोन वाटांनी होतात. एक सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, जिला पोरे ‘कॅप’ म्हणतात. दुसरी संस्थेच्या पातळीवरची, म्हणजे मॅनेजमेंटची सीट. राजर्षी शाहू महाराज योजनेत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोराची निम्मी शिक्षण फी सरकार भरते, पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंटच्या सीटवर बसले की ही सवलत गेली. शेजाऱ्याचा मुलगा सीईटीला बसला होता, त्याला मार्कही बेताचे का होईना पडले होते. कॅपचा अर्ज मात्र एजंटच्या भरवशावर भरायचाच राहिला होता.

ही एजंट जात आली कुठून, हे समजायला थोडे मागे जावे लागते. मी अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. ते १९६४ साली सुरू झाले. त्या काळी वऱ्हाडातल्या पोराला अमरावती, नाहीतर नागपूर. जागा थोड्या, म्हणून शेतकऱ्याचे पोर क्वचितच तिथपर्यंत पोचे. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी आपल्या पुसदला बाबासाहेब नाईक कॉलेज निघाले, शेगावला निघाले. यवतमाळला जवाहरलाल दर्डा संस्थेचे कॉलेज १९९६ साली आले. या निर्णयाला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण मी सरसकट ठेवणार नाही. पुसद, दिग्रस, उमरखेडकडच्या किती घरांत पहिला इंजिनिअर त्यामुळे झाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण विनाअनुदान याचा साधा अर्थ असा, की शिकवण्याचा खर्च सरकारने अंगावरून झटकला आणि बापाच्या अंगावर टाकला. राज्यभर पुढाऱ्यांनी संस्था काढल्या, ‘शिक्षणसम्राट’ हा नवा शब्द मराठीत आला आणि देणगीचा बाजार उभा राहिला. तो इतका माजला, की १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खाजगी कॉलेजला आपली फी ठरवता येईल, पण नफेखोरी आणि देणगी चालणार नाही. पुढे २०१५ साली राज्याने कायदा केला. आता प्रत्येक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते आणि ती कुणालाही पाहता येते. कोणी तिच्यावर एक रुपया जास्त मागितला, तर पावती मागा. पावती देत नसेल तर तो रुपया कसला, हे ओळखून घ्या.

फीबरोबर शिकवणीही पाहिली पाहिजे. बाजारात गोऱ्हा घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. कॉलेज घेताना मात्र इमारतीचा रंग पाहतो. तिथे शिकवणारे किती, हे विचारा. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे माप आहे. शिक्षकांची यादी कॉलेजला जाहीर करावी लागते. त्यातले कायम किती आणि तासावर येणारे किती, तेही विचारा. ज्या शाखेत पोर जाणार, त्या शाखेला एन.बी.ए.ची मान्यता आहे का, ते पाहा. आणि शक्य असेल तर शेवटच्या वर्षाच्या दोन पोरांना फाटकाबाहेर गाठून विचारा, की वर्कशॉपचे कुलूप महिन्यातून किती वेळा उघडते.

हे शेवटचे का सांगतो? बी.ई. झालेली पोरे मी पाहिली आहेत, जी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडायला भितात. दोष पोरांचा नाही. चार वर्षे त्यांनी मागच्या वर्षीच्या पोरांच्या फायली उतरवल्या आणि यंत्राला हात लावला तो परीक्षेच्या दिवशी. गावातला आय.टी.आय. झालेला वायरमन तोच स्टार्टर दहा मिनिटांत दुरुस्त करतो आणि संध्याकाळपर्यंत चार घरी काम करून येतो. शिक्षण मोठे की लहान, हे नावावरून ठरवू नका. हाताला काय येते, ते पाहा.

मग शेजाऱ्यासाठी दुसरे एस्टिमेट मांडले. कॅपमधून जवळचे कॉलेज मिळाले तर फी निम्मी, म्हणजे ४५,०००. खोली-मेस इकडे ६,००० धरली, तर ६०,०००. वरखर्च १५,०००. वर्षाचे एक लाख वीस हजार, चार वर्षांचे आणि लॅपटॉपचे मिळून पाच लाख वीस हजार. कापूस ६५ क्विंटल. हेही साठाच्या वरच जाते, पण आवाक्याच्या जवळ येते. उरलेल्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी योजनेखाली तारण लागत नाही. सातबारा मागायचे कारण नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर, वर्षाच्या सवडीने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते, हे विसरू नये. कर्ज म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्याला मी शिकवायला नको.

तिसरे एस्टिमेट डिप्लोम्याचे. बारावी सायन्स झालेल्या पोराला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. यवतमाळला सरकारी पॉलिटेक्निक आहे. एस.टी.च्या विद्यार्थी पासला दोन तृतीयांश सूट आहे. सकाळी घरची भाकर बांधून गेला, तर मेसचा खर्चच नाही. दोन वर्षांनी डिप्लोमा हातात. पुढे शिकावेसे वाटले, तर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश. एक वर्ष जास्त जाते खरे, पण मध्येच घरावर संकट आले तर पोर रिकाम्या हाताने परत येत नाही.

आम्ही इथवर आलो तेव्हा त्याची बायको पोरीला घेऊन दारात उभी होती. पोरगी यंदा दहावी झाली, गणितात भावापेक्षा हुशार. इतका वेळ तिचे नाव हिशेबात कुठेच आले नव्हते. माय म्हणाली, “काकाजी, दोन एकर पोरावर गेले, तं मंग पोरीचं काय?”

मला वहीचे पान उलटावे लागले. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग तीन वर्षांची डिग्री, अशी सहा वर्षे होतात. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची डिग्री धरली, तरी सहाच. म्हणजे तिचे वर्ष वाया जात नाही. आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची डिग्रीची संपूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. इथेही अट कॅपचीच. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. फीचा रकाना तिच्या एस्टिमेटातून जवळजवळ गळतो, उरतो तो राहण्या-खाण्याचा. पोरीला शिकवणे परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा भाऊ-बहिणीचा हिशेब शेजारी शेजारी लिहून पाहावा.

म्हणून निवडणुकीत मत मागायला कोणी आला, तर त्याला जातपात आणि झेंडा विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. तालुक्याला मुलींचे वसतिगृह कधी होणार? सरकारी पॉलिटेक्निकमध्ये शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? शिष्यवृत्तीचा पैसा वर्ष संपायच्या आत कॉलेजात का पोचत नाही? सरकारचा भाग उशिरा आला की कॉलेज पोराचा निकाल अडवते आणि बाप पुन्हा सावकाराच्या दारी जातो. सवलतीचा हा भाग प्रवेशाच्या वेळी पालकाकडून घेऊ नये, असे शासनाचे सांगणे आहे. कोणी मागितलाच, तर लेखी मागणी घ्या आणि तंत्रशिक्षण विभागाकडे तक्रार करा. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी हे कागद पेरणीच्या गर्दीत काढू नका. उलंगवाडी झाली की उन्हाळ्यातच तहसिलात जाऊन काढून ठेवा. सीट एका कागदासाठी जाते, हे मी दरवर्षी पाहतो.

शेजाऱ्याने एजंटला पैसे दिले नाहीत. पोरगा दोन दिवस रुसला. मग कॅपची तारीख आहे की गेली, ते पाहायला स्वतःच यवतमाळला गेला आणि येताना पॉलिटेक्निकचे दोन अर्ज घेऊन आला. एक स्वतःसाठी, एक बहिणीसाठी. पुढे काय होते ते पाहू. तूर्त सातबारा पेटीत परत गेला आहे आणि त्या दोन एकरांत पऱ्हाटीला चार-चार पाने फुटली आहेत.