कोळसा आपल्या जिल्ह्याचा, मग यादीत नाव कोणाचे?

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी होते. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेब इथे आले आणि त्यांनी इथल्या लोकांना दीक्षा दिली. पुस्तकांच्या स्टॉलभोवती राजुरा, कोरपना, वणी, चामोर्शी, एटापल्लीकडची पोरं भेटतात. मी प्रत्येकाला एकच विचारतो, सध्या काय करतोस? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "कंपनीत आहो दादा." कंपनीत म्हणजे कुठे, असे खोदून विचारले की कळते, ठेकेदाराकडे. बी.ए. झालेला पोरगा खाणीतली माती वाहणाऱ्या डंपरवर, डिप्लोमावाला गेटवर सिक्युरिटीत, आयटीआयवाला सहा महिने कामावर आणि सहा महिने घरी. गेल्या वर्षी एक जण म्हणाला, "पुण्याले जातो म्हणतो. इथं काय हाय?"

इथे काय आहे? चंद्रपूरच्या जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे. शेजारच्या गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज आहे. त्याच्या उत्खननाला २०२३ साली वर्षाला १ कोटी टनांपर्यंत परवानगी मिळाली होती. बांबू आहे, सागवान आहे, तेंदूपत्ता आहे. वर्धा, वैनगंगा, इरई, प्राणहिता या नद्या आहेत. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. एका जिल्ह्याला निसर्गाने यापेक्षा जास्त काय द्यावे? आणि तरीही तो पोरगा म्हणतो तेच खरे आहे. त्याच्यासाठी इथे काही नाही.

आपले पुढारी यावर एक शब्द वापरतात, मागासलेपण. मला हा शब्द पटत नाही. जिथून रोज मालगाड्या भरून जातात तो भाग मागास कसा? तो रिकामा केला जाणारा भाग आहे. खाण म्हणजे उद्योग नव्हे, हे आपण आधी समजून घेतले पाहिजे. कोळसा इथून निघतो, वीज इथे तयार होते, पण त्या विजेवर चालणारे यंत्र मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात फिरते. यंत्राभोवती जी माणसे उभी राहतात, म्हणजे फिटर, डिझायनर, सुट्या भागांचा छोटा कारखानदार, वाहतूकदार, हिशेबनीस, ती सगळी तिकडेच तयार होतात. आपल्या वाट्याला येते ती राख. राजुरा-कोरपन्यात सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपुरात कागदाची गिरणी आहे, कोनसरीत लोखंडाचा प्रकल्प उभा राहिला आहे, हे मी नाकारत नाही. पण कच्चा माल जड असतो, तो वाहून नेणे परवडत नाही, म्हणून पहिली प्रक्रिया इथे करावीच लागते. त्यापुढची साखळी इथे रुजलीच नाही.

आणि रोजचे जगणे? खाणपट्ट्यातल्या कोणत्याही गावात जा. दोरीवर वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळपर्यंत पांढरी राहत नाही. बायका अंगणात सडा टाकतात तो आता शोभेसाठी नाही, धूळ बसावी म्हणून. ब्लास्टिंगने भिंतींना तडे जातात आणि पावसाळ्यात त्याच तड्यांतून पाणी येते. खुल्या खाणीच्या आजूबाजूच्या विहिरी आटतात, मग टँकरची वाट पाहायची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुण घेऊन चंद्रपूर देशात चौथे आले होते. वरून हायटेन्शन तारा जातात आणि खालच्या घरात वीजबिल थकले म्हणून मीटर कापून नेलेले असते. एवढी वीज तयार करणाऱ्या गावाला वेगळा दर नाही, सवलत नाही. बिल मात्र मुंबईइतक्याच शिस्तीने येते.

अशा वेळी चळवळीतले काही मित्र म्हणतात, खाणी नकोतच, कारखाने नकोत, जल-जंगल-जमीन वाचवा. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण आंबेडकरी माणसाने इथे थोडे थांबले पाहिजे. गाव आणि शेती हे आपल्यासाठी कधी स्वर्ग नव्हते. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरच्या आपल्या निबंधात दाखवले होते की, दुखणे फक्त तुकड्यांचे नाही. शेतीवर नको इतकी माणसे लादली गेली आहेत, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण हा आहे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधाऱ्यांचे धोरणही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीतून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेमागे हाच विचार होता. म्हणून यंत्राला विरोध हा आपला मार्ग नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्याचा लाभ कोणाला, हा आपला प्रश्न आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी लिहिले ते याचसाठी.

आता याच कसोटीवर आपल्या जिल्ह्यातल्या खाणी घासून बघू.

कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात साधा हिशेब आहे. दोन एकर जमीन गेली की एक नोकरी. ज्याची जमीन कमी त्याने दुसऱ्याशी जोडून दोन एकर भरवायचे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याने काय जोडायचे? आपल्या वस्तीतल्या किती घरांच्या नावावर दोन एकर आहेत, हे मोजायला सर्वेक्षणाची गरज नाही. इथे मालगुजारी होती. जमीन मालगुजाराची, घाम आपला. मालगुजारी गेली, जमीन कुळांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेली, आपण मजूरच राहिलो. मग खाण आली. ज्याचे वावर गेले त्याला मोबदला मिळाला, एका मुलाला नोकरी मिळाली, त्याने शहरात प्लॉट घेतला. त्याच्याशी माझे भांडण नाही, त्याचेही मूळ उखडले गेले. पण त्याच वावरात निंदण, कापूस वेचणी, सोंगणी करून ज्या घरची चूल पेटत होती, त्या घराचे काय गेले? त्याचे तर सगळेच गेले, आणि कागदावर काहीच गेले नाही.

माझ्या आत्याच्या गावचे सांगतो. गाव खाणीत गेले तेव्हा भूसंपादनाच्या कचेरीत आतेभाऊ अर्ज घेऊन गेला होता. साहेब वाईट बोलला नाही. समजावून सांगितल्यासारखे म्हणाला, "तुमची जमीन कुठे आहे? तुम्ही प्रकल्पग्रस्त कसे?" भावाला उत्तर सुचले नाही. मलाही तेव्हा सुचले नसते.

आज सुचते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या आहे. त्यात जमिनीचा मालक तर आहेच, पण संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात काम करणारे आणि ज्यांची उपजीविका मुख्यत्वे त्या जमिनीवर होती असे शेतमजूर, कूळ, कारागीरसुद्धा आहेत. कोळशाची जमीन १९५७ च्या वेगळ्या कायद्याने घेतली जाते हे खरे. पण २०१३ च्या कायद्यातल्या मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून त्या कायद्यालाही लागू झाल्या. दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला प्रकल्पात नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख, किंवा महिना किमान २ हजार रुपये २० वर्षे, असा पर्याय लिहिलेला आहे. म्हणजे कायद्यात आपण आहोत. यादीत नाही. कारण यादी तलाठ्याच्या दप्तरावरून बनते आणि त्या दप्तरात मजुराचे पान नसते.

जंगलातही तेच. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी बांधवांना त्यात हक्क मिळाला, मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून आपला बांबू आपण विकून दाखवला, याचा आपल्याला अभिमानच वाटला पाहिजे. पण गडचिरोलीतल्या जंगलालगत राहणारा दलित 'इतर पारंपरिक वननिवासी' या रकान्यात येतो, आणि त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. १३ डिसेंबर २००५ च्या मागे ७५ वर्षे, म्हणजे १९३०. त्या काळी आपल्या आजोबांच्या नावाचा कागद कोण करत होते? नियमात गावातल्या वृद्धांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून चालते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. काही जण यावरून आदिवासी विरुद्ध दलित असे भांडण लावायला बघतात. त्यात पडू नका. अडवणूक आदिवासींनी केलेली नाही.

आता नोकऱ्यांचे. १९९१ च्या सुमारास कोल इंडियात साडेसहा लाखांच्या वर कामगार होते आणि उत्पादन वीस कोटी टनांच्या आसपास होते. २०२३-२४ मध्ये उत्पादन ७७ कोटी टनांवर गेले आणि कायम मनुष्यबळ सव्वादोन लाखांच्या आसपास आले. यंत्रे वाढली हे एक कारण. दुसरे कारण, काम ठेकेदाराकडे गेले. सार्वजनिक कंपनीत आरक्षण आहे, ठेकेदाराकडे नाही. आरक्षण रद्द केले असते तर देश पेटला असता. इथे कोणी काही रद्द केले नाही, फक्त टेंडर काढले. आपण भरतीतल्या अनुशेषावर मोर्चे काढत राहिलो, आणि भरतीच संपत आली.

आणखी एक पैसा आहे, ज्याकडे आपले लक्ष नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांच्या १० टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते, ती खाणबाधित लोकांसाठी. ही कल्पना नवी आहे असे सांगतात. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. त्यानंतर लगेच, १९४४ साली, कोळशावर उपकर लावून खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. घर, पाणी, दवाखाना, शिक्षण यासाठी तो पैसा होता, आणि सल्लागार समितीवर कामगारांचे प्रतिनिधी होते. आज प्रतिष्ठानच्या बैठकीत जिल्हाधिकारी असतात, मंत्री, आमदार-खासदार असतात. भूमिहीन मजूर बाई कुठे बसते? सिमेंट रस्ता आणि प्रवेशद्वार मंजूर होते, धुळीने खोकणाऱ्या वस्तीला फिरता दवाखाना मात्र निधीअभावी थांबतो.

विदर्भाचा अनुशेष म्हणून आपल्याकडे चाळीस वर्षे बोलले जाते. दांडेकर समिती झाली, केळकर समिती झाली, वैधानिक मंडळ आले आणि २०२० मध्ये मुदत संपून गेले. वेगळ्या राज्याला माझा विरोध नाही. बाबासाहेबांनीही १९५५ साली महाराष्ट्राचे भाग करताना विदर्भ वेगळा मांडला होता. पण हे सारे अनुशेष जिल्ह्यांचे आणि तालुक्यांचे मोजले गेले. गावाबाहेरच्या वस्तीचा अनुशेष कोणत्या समितीने मोजला? आणि आपणही तो मोजला नाही. जयंतीचा डीजे ठरवायला आपल्या तीन बैठका होतात. नव्या खाणीची जनसुनावणी असते त्या दिवशी मात्र मंडपात कंपनीची माणसे आणि गावचे पाटील असतात, आपण नसतो.

म्हणून यंदा आम्ही काही जणांनी एक साधे काम धरले आहे. ज्या गावांना संपादनाच्या नोटिसा आल्या आहेत तिथे वस्तीत बसायचे आणि घरागणिक लिहायचे. कोण कोणाच्या वावरात किती वर्षे राबले, रोजगार हमीचे कार्ड आहे का, रेशनकार्ड कधीचे, मतदारयादीत नाव कोणत्या साली आले. मग ती यादी ग्रामसभेत वाचायची, ठराव घ्यायचा, आणि ठरावाची प्रत भूसंपादन कचेरीत देऊन पोच घ्यायची. ग्रामसभेत विरोध होतो. "यांची कुठं जमीन हाय" हे वाक्य तिथेही येतेच. पण ठराव मागणाऱ्यांची संख्या जास्त असली की सरपंच लिहून देतो.

पहिल्या गावात विहाराच्या ओसरीवर वही उघडली तेव्हा बराच वेळ कोणी पुढे आले नाही. कागद म्हटला की आपल्या माणसाला भीती वाटते. शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली, बसली, आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागली. "लिव बाबू. त्या धुऱ्याजवळच्या वावरात माह्या सासूनं निंदलं, मंग म्या निंदलं, आता सून जाते. मालक तीन बदलले. आमी नाई बदललो."