‘मशीन ओळखत नाही’ म्हणून शटर खाली ओढू नका



आपल्या बॅचमध्ये हा विषय घेतला की कोणीतरी हमखास म्हणतं, “सर, मी धंदा शिकायला आलोय, कॉम्प्युटर रिपेअरिंग नाही.” बरोबर आहे. पण तुमचा धंदा ज्या वायरवर चालतो, ती वायर हा तुमच्या धंद्याचाच भाग आहे. किराणावाल्याला तराजू तपासता येतो, शिंप्याला मशीनची सुई बदलता येते. मग बिलिंगवाल्याला किंवा सेवा केंद्रवाल्याला यूएसबीची पहिली पंधरा मिनिटं सांभाळता आलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या भागाचंच बघा. चाकण-तळेगाव पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी. त्या दिवशी कामगार आधारवर पैसे काढायला, प्रिंट मारायला, फॉर्म भरायला येतो. त्याला पुन्हा सुट्टी मिळणार पुढच्या गुरुवारी. नेमकं तेव्हाच तुमचं बोटांचे ठसे घेणारं मशीन बंद असेल, तर तो दहा मिनिटं थांबेल आणि समोरच्या दुकानात जाईल. तिथे काम झालं की पुढच्या वेळीही तिथेच जाईल. नुकसान एका कमिशनचं नसतं, गिऱ्हाइकाचं असतं.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर नवीन मशीन मागवतात, नाहीतर कोणाला तरी बोलावून विंडोज फॉरमॅट करून घेतात. दोन्ही शेवटचे उपाय आहेत, आपण ते पहिले करतो. तुटलेली वायर फॉरमॅट करून जुळत नाही. उलट ठशाच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग, सगळं परत बसवायला लागतं. टॅलीच्या डेटाचा बॅकअप नसेल तर मग बोलायलाच नको.

आधी एक समजून घ्या. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. मशीनवर लाईट लागली म्हणजे विजेच्या तारा ठीक आहेत, एवढंच कळतं. माहितीची तार तुटलेली असली तरी लाईट लागतेच. काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये तर माहितीच्या तारा नसतातच. म्हणून “लाईट लागतेय, म्हणजे केबल चांगली आहे” हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

आता क्रम. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुरू झालं ते कळणार नाही.

१. केबल बदला. जी चालते याची खात्री आहे, तीच लावा.

२. पोर्ट बदला. हब किंवा एक्स्टेंशन काढा आणि डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट जोडा. पुढचे पोर्ट आतून आणखी एका वायरने जोडलेले असतात, ती सैल होते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीॲम्पियरपर्यंतच वीज देतो. एका साध्या हबवर चार मशीन टांगली तर ती उपाशीच राहणार.

३. कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. शट डाउन करून परत चालू करणं वेगळं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना आतली जुनी स्थिती जपून ठेवली जाते आणि तीच परत येते. रिस्टार्टमध्ये कोरी सुरुवात होते.

४. मशीन शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून बघा. सगळ्यात मोठा निकाल इथे लागतो. तिथेही दिसत नसेल तर दोष बहुधा मशीनचा. तिथे दिसत असेल तर मशीन ठणठणीत, तुमच्या कॉम्प्युटरकडे बघा. शेजाऱ्याशी संबंध चांगले ठेवायला मी का सांगतो, ते आता कळलं असेल.

५. डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की सापडतं. पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही. कोड ४३ म्हणजे मशीनने गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. तेवढंच एक डिव्हाइस अनइन्स्टॉल करा, केबल काढून परत लावा. कीबोर्ड-माउसला हात लावू नका. मशीन अर्ध्या तासाने आपोआप गायब होत असेल तर तिथेच यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा.

आता महत्त्वाचा फरक. कॉम्प्युटर ओळखत नाही आणि सॉफ्टवेअर ओळखत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बारकोड स्कॅनर नोटपॅड उघडून चालवा. आकडे उमटले तर स्कॅनर चांगला आहे, बिलिंग सॉफ्टवेअरची सेटिंग बघा. बऱ्याच थर्मल प्रिंटरचं फीड बटण दाबून ठेवून प्रिंटर चालू केला की कॉम्प्युटरशिवाय चाचणीची पावती निघते. ती निघाली तर प्रिंटर जिवंत आहे. ठशाचं मशीन डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं पण पोर्टलवर नाही, तर आरडी सर्व्हिस चालू आहे का ते तपासा. आणि आधारसाठी एल-झिरो प्रकारची मशीन मागे पडून एल-वन आली आहेत. तुमचं मशीन जुन्या प्रकारचं असेल तर दहा केबल बदलून उपयोग नाही.

दोन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. पेनड्राइव्ह लावल्यावर “फॉरमॅट करायचा का?” असं विचारलं आणि आतल्या डेटाची दुसरी कॉपी नसेल, तर ‘हो’ म्हणू नका. तिथे जाणकारच लागतो. दुसरं, इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कोणत्याही ‘कस्टमर केअर’ नंबरवाल्याला स्क्रीन ताब्यात देऊ नका. याच कॉम्प्युटरवरून तुम्ही लोकांचे पैसे काढता, याच टोकनने जीएसटीवर सही करता. नंबर आणि ड्रायव्हर दोन्ही कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

गंमत म्हणजे यूएसबी आली तीच ही कटकट संपवायला. १९९६ साली आलेल्या या पद्धतीमागे इंटेलच्या टीममधले अजय भट्ट होते, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. कोणालाही सहज जोडता यावं, हाच हेतू होता. म्हणजे ही गोष्ट इंजिनिअरसाठी राखीव नाही, तुमच्या-माझ्यासाठीच बनवली आहे.

“मग टेक्निशियनने काय करायचं?” असंही विचारतात. त्याचं काम राहतंच. जळका वास, गरम होणारं मशीन, हलणारं सॉकेट, महत्त्वाचा डेटा अडकलेला, अशा वेळी पहिल्याच मिनिटाला त्याला बोलवा. वॉरंटीतल्या मशीनचे स्क्रू उघडू नका. पण फोनवर “चालत नाही” एवढंच सांगणारा गिऱ्हाईक आणि “दुसरी केबल लावली, दुसऱ्या पीसीवर चालतंय, माझ्याकडे कोड ४३ येतोय” असं सांगणारा गिऱ्हाईक, यात वेळ आणि पैसा कोणाचा वाचतो?

आपल्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभा राहिला. तिथे काच बनायची आणि काच बनवायला शिकवलंही जायचं. मला ही जोडी फार पटते. कमावण्याच्या जागीच शिकायचं.

तर गृहपाठ. आज दुकान वाढवण्याआधी यूएसबीवर चालणाऱ्या प्रत्येक मशीनची यादी करा. ज्याच्याशिवाय गल्ला थांबतो, त्याची एक जादा केबल घ्या आणि तपासून डब्यात ठेवा. दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावा. ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. ड्रॉवरमध्ये हाताने लिहायचं बिलबुक असू द्या. मुख्य कमाईच एका मशीनवर असेल तर दुसऱ्या मशीनचे पैसे बाजूला टाकायला सुरुवात करा. भांडवल म्हणजे फक्त माल नाही, त्या डब्यातली केबलसुद्धा भांडवलच आहे.