राग जिमपर्यंत आणू द्या, वजन वहीला ठरवू द्या

दुकान चालवायचं म्हणजे राग येणारच. उधारीवाला फोन उचलत नाही, समोरचा दुकानदार भाव पाडतो. हा राग गिऱ्हाइकावर काढला तर धंदा बसतो, घरी नेला तर घर बिघडतं. म्हणून मी म्हणतो, तो जिमला न्या.

पण तिथेही डोकं शाबूत ठेवा. "योद्धा बना" वाले रील बघून काल ६० किलो उचलणारा आज रागात ८० लावतो. मग कंबर धरते आणि आठवडाभर काउंटरवर उभं राहता येत नाही. राग तुम्हाला जिमच्या दारापर्यंत आणेल, वजन मात्र वहीनेच ठरवायचं. मागच्या वेळी ६० किलोचे ८ रेप्स झाले? आज ९ करून बघा. नीट जमायला लागले की अडीच किलो वाढवा. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

योद्धा बघायचा तर खाशाबा जाधव बघा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा नंबर. त्यानंतर चार वर्षांची मेहनत आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! एका दिवसाच्या रागावर हे होत नाही.

धंद्यातही तेच. समोरच्याने भाव पाडला म्हणून तिरीमिरीत आपला पाडू नका. आधी घाम गाळा, मग वहीत मार्जिन बघा, मगच भाव ठरवा.

आजच एक वही घ्या. एका बाजूला सेट लिहा, दुसऱ्या बाजूला उधारी. दोन्ही रोज.